दाढेत तुटलेली फाईल, छातीत पेसमेकर आणि अल्ट्रासॉनिक टीप: एका केसची पूर्ण हकीकत

पेशंट कोण, आले कशासाठी

काका ६४ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, आता गावाकडे थोडी शेती बघतात. माझं क्लिनिक तालुक्याच्या गावात आहे, ते तीन वर्षांपासून माझ्याकडे येतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, पण दातात आणि मशीनवर जे झालं ते जसंच्या तसं लिहितेय.

तक्रार खालच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेची. चार रात्री झोप नाही, गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटायचं, आता तेही नाही. दाढेवर टकटक केलं की कळ मस्तकात. आरव्हीजीवर (दाताचा डिजिटल एक्स-रे) पुढच्या मुळाच्या टोकाला काळा डाग, म्हणजे हाडात इन्फेक्शन उतरलेलं. मागच्या मुळात नस अजून अर्धवट जिवंत होती. वरून दाढ मजबूत, बाकी भिंती शाबूत, हिरडी ठीक. अशी दाढ काढायची नसते, रूट कॅनाल करायचं ठरलं, काका पण लगेच तयार झाले कारण त्याच बाजूने ते चावतात, डावीकडच्या दोन दाढा आधीच गेलेल्या.

पहिल्या बैठकीत दाढ उघडली. मागच्या मुळात एक कॅनाल (नसेची बारीक नळी), पुढच्या मुळात दोन, एक गालाकडचा आणि एक जिभेकडचा. अ‍ॅपेक्स लोकेटरने (मुळाचं टोक कुठे आहे ते विजेच्या मदतीने सांगणारं यंत्र) लांबी घेतली, पुढचे दोन्ही २० मिलिमीटर. इथे एक गोष्ट घडली जी मी बघितली आणि सोडून दिली. गालाकडच्या कॅनालमध्ये १५ नंबरची फाईल (कॅनाल घासायची सुईसारखी बारीक कानस) पूर्ण आत असताना जिभेकडची फाईल १८ वर अडायची, आणि पहिली बाहेर काढली की दुसरी आरामात २० पर्यंत जायची. मी म्हटलं कचरा अडकला असेल, हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट, कॅनाल धुवायचं जंतुनाशक) धुतलं आणि पुढे गेले. ह्या गोष्टीकडे शेवटी परत यायचंय.

फाईल तुटली तो क्षण

दुसरी बैठक, आठ दिवसांनी. दुखणं जवळजवळ गेलेलं. रोटरी, म्हणजे मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियम फाईलने पुढचे कॅनाल आकाराला आणत होते. जिभेकडच्या कॅनालमध्ये फाईल १८ च्या आसपास पोचली आणि बोटांना अगदी बारीक कट् असं जाणवलं. आवाज नाही म्हटलं तरी चालेल, हातालाच कळतं. बाहेर काढून मोजपट्टीवर ठेवली, २५ मिलिमीटर लांबीची फाईल २१ भरली. चार मिलिमीटर आत राहिले.

एक्स-रे काढला. तुकड्याचं डोकं साधारण १४ वर, बरोबर जिथे मुळाचा बाक सुरू होतो तिथे, आणि बाकीचा तुकडा बाकात उतरलेला.

फाईल ह्याआधी किती केसमध्ये वापरली होती हे मला नक्की सांगता येईना. डब्यात वापरलेल्या फाईल वेगळ्या ठेवतो, ऑटोक्लेव्ह करतो, पण कुठली कितव्यांदा चाललीय ह्याची नोंद नव्हती. ह्या फाईलवर ताण पडल्याचं बाहेरून दिसत नाही. स्टीलची फाईल वाकते, पीळ सुटतो, आपल्याला इशारा मिळतो. निकेल-टायटॅनियम बाकात फिरून फिरून आतून थकते आणि एकदम जाते.

पहिला निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा होता, आत्ता सांगायचं की आधी काढायचा प्रयत्न करून मग सांगायचं. कॉलेजमधून बाहेर पडल्यावर जिथे नोकरी केली तिथे शिकवलं होतं की पेशंटला घाबरवू नका, आधी बघा निघतंय का. मी खुर्ची सरळ केली, रबर डॅम (दाढेभोवतीचा रबरी पडदा) काढला आणि आरव्हीजीचा स्क्रीन काकांकडे फिरवला. ही पांढरी रेघ दिसते ना, हा माझ्या अवजाराचा तुकडा आहे, साफ करताना तुटला. त्याने लगेच काही अपाय होत नाही, पण त्याच्या खालचा भाग अजून धुवायचा राहिलाय, म्हणून आपल्याला विचार करायला लागेल.

काका जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, छातीत बॅटरी आणि आता दाढेत तार."

मी विचारलं, "छातीत बॅटरी म्हणजे?"

पेसमेकर, जो फॉर्मवर नव्हता

सव्वा वर्षापूर्वी अटॅक आला होता, शहरात नेऊन स्टेंट टाकला, नंतर ठोके कमी पडायला लागले म्हणून पेसमेकर बसवला. काकांनी शर्टाचं वरचं बटण काढून डाव्या गळपट्टीच्या हाडाखालचा उंचवटा दाखवला. खिशातलं पाकीट काढलं, त्यात एसटीच्या जुन्या पासच्या मागे पेसमेकरचं कार्ड, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, कंपनी, मॉडेल, बसवल्याची तारीख सगळं नीट. हे सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "ते हृदयाचं, तुम्ही दाताच्या."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्याकडचा फॉर्म तीन वर्षांपूर्वीचा. त्यावर फक्त बीपी. ह्यावेळी मी विचारलं होतं, काका, बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना, ते हो म्हणाले, आणि मी समाधानी झाले. नवीन काही ऑपरेशन, अ‍ॅडमिट झालात का, नवीन गोळी, हे विचारलंच नाही. गोळ्यांमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही होत्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या दोन.

मग मी मागचं आठवायला लागले. पहिल्या बैठकीत अ‍ॅपेक्स लोकेटर लावला. अभ्यासांमध्ये त्याने फारसा त्रास झालेला दिसत नाही, पण बऱ्याच लोकेटरच्या माहितीपत्रकात पेसमेकरवाल्यांसाठी वापरू नका असं सरळ लिहिलेलं असतं आणि मी न विचारता वापरला. भूल दिली ती अ‍ॅड्रिनॅलिनवाली, १:८०,०००. आणि त्याच्याही आधी, आठ महिन्यांपूर्वी त्यांचं किटण काढलं होतं, ते माझ्या जुन्या अल्ट्रासॉनिक स्केलरवर, जो मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रावर चालतो. तेव्हा पेसमेकर बसून सहा महिने झालेले. काही झालं नाही. पण काही झालं नाही ह्यात माझं श्रेय शून्य, रात्री झोपताना हेच डोक्यात होतं.

त्या दिवशी कॅनालमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून दाढ तात्पुरती बंद केली आणि काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला.

अल्ट्रासाऊंडची दोन यंत्रं, एकसारखी दिसणारी

तुटलेली फाईल काढायची तर आजच्या घडीला सगळ्यात भरवशाचं साधन अल्ट्रासॉनिक टीप. त्यामुळे प्रश्न हाच झाला की पेसमेकरवाल्या माणसाला ती चालेल का. इथे जरा मागे जाऊन सांगते, कारण माझ्याच ओळखीतल्या बऱ्याच डेंटिस्टना दोन मशीनमधला फरक माहीत असतो पण पेशंटच्या अंगाने तो कधी डोक्यात येत नाही.

कानाला ऐकू न येणारा, २०,००० हर्ट्झच्या वरचा तो अल्ट्रासाऊंड. दाताची मशीनं साधारण २५,००० ते ४०,००० हर्ट्झवर चालतात. पोटाची सोनोग्राफी ह्याच्या कितीतरी वर, काही मेगाहर्ट्झमध्ये, आणि तिथे काम वेगळं, लाट आत पाठवायची आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकून चित्र काढायचं. आमच्याकडे चित्र नाही, आमच्याकडे धातूची टीपच सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि त्या थरथरण्यानेच काम होतं.

ती थरथर दोन प्रकारे तयार करतात. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्हमध्ये निकेलच्या पातळ पट्ट्यांची जुडी तारेच्या वेटोळ्यात ठेवलेली असते, चुंबकीय क्षेत्र बदललं की पट्ट्या लांब-आखूड होतात. पिझोमध्ये सिरॅमिकच्या चकत्या असतात, व्होल्टेज दिलं की त्यांचा आकार बदलतो, चुंबकाचं काम नाही. ह्याचा उलटा गुण, म्हणजे दाबलं की वीज तयार होते, तो पियेर आणि जॅक क्युरी ह्या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांमध्ये शोधला, व्होल्टेजने आकार बदलतो हे त्यांनी पुढच्या वर्षी दाखवलं, पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ लाँजव्हँने ते पाणबुड्या शोधायला वापरलं, आणि १९५० च्या दशकात ही थरथर दातांपर्यंत पोचली, आधी किटण काढायला आणि १९५७ मध्ये रिचमनने ती रूट कॅनालमध्ये नेली.

पेसमेकरला धास्ती चुंबकीय क्षेत्राची. प्रयोगशाळेतल्या जुन्या चाचण्यांमध्ये मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह स्केलर पेसमेकरच्या जवळ आणल्यावर ठोक्यात गडबड दिसली, पिझोमध्ये दिसली नाही. नवीन पेसमेकरांना आवरण चांगलं असतं हे खरं, तरी हातपीस (टीप बसवलेला दांडा) आणि वायर पेसमेकरपासून वीतभर तरी लांब ठेवा अशी सूचना अजून असते. आणि आपण काय करतो, पेशंट आडवा झाला की हातपीसची वायर त्याच्या छातीवरून पलीकडे टाकतो. मी रोज टाकत होते.

हृदयरोगतज्ज्ञांनी कार्डचा फोटो मागवला आणि सांगितलं की पिझो चालेल, कॉटरी (विजेने चटका देऊन रक्त थांबवणारं यंत्र) वापरायची नाही, वायर छातीवरून न्यायची नाही, बोटाला ऑक्सिमीटर लावून ठोके बघत राहा, ह्यांचा पेसमेकर ६० ला सेट आहे, त्याच्या खाली आकडा जायला लागला किंवा चक्कर आली की लगेच मशीन बंद. गोळ्या बंद करायच्या नाहीत. अ‍ॅड्रिनॅलिन कमीत कमी.

काकूंना शंका वेगळीच होती, दाताला सोनोग्राफी कशी करणार. मी काकांना विचारलं, मोतीबिंदू कसा काढला होता? बिनटाक्याचा, फेको. मग सांगितलं की ते पण हेच तंत्र. अमेरिकेतले डॉ. चार्ल्स केल्मन दाताच्या डॉक्टरकडे किटण काढायला बसले होते, तिथल्या अल्ट्रासॉनिक टीपवरून त्यांना सुचलं की डोळ्यातला कडक झालेला मणी ह्याने फोडून ओढून घेता येईल, १९६७ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. म्हणजे दातातून डोळ्यात गेलेली गोष्ट. काकूंचा चेहरा तेव्हा मोकळा झाला.

पर्याय, एकेक करून

सगळ्यात सोपं, तुकडा आहे तिथेच ठेवायचा, वरपर्यंत भरायचं आणि लक्ष ठेवायचं. तुटलेली फाईल स्वतः विष नाही, ती स्टेराइल केलेला धातू असते. फाईल तुटायच्या आधी कॅनाल साफ झालेला असेल आणि टोकाला डाग नसेल तर हा पर्याय चांगला चालतो, मी आधी दोन केसमध्ये तोच घेतला होता. पण इथे डाग होता आणि कॅनाल अर्धाच साफ झालेला, म्हणजे घाण तुकड्याच्या पलीकडे अडकलेली.

दुसरं, तुकड्याच्या बाजूने ८ किंवा १० नंबरची हातातली फाईल सरकवून वाट काढायची, बायपास. हे मी तिसऱ्या बैठकीत भूल जपून देऊन पाऊण तास केलं. दोनदा वाटलं गेली, एक्स-रेवर बघितलं तर फाईल भिंतीत खोबण करत होती. थांबले.

दाढ काढणं. दोन्ही गोळ्या चालू ठेवूनही दाढ काढता येते, टाका घालून आणि दाब देऊन रक्त थांबवता येतं, त्यामुळे ते अशक्य नव्हतं. पण त्या बाजूने चावणारा माणूस, पलीकडे दाढा नाहीत, आणि दाढ वरून इतकी चांगली. हिरडी उघडून मुळाचं टोक कापायचा पर्याय पण होता, खालच्या दाढेत हाड जाड, नस जवळ, त्यात ह्या तब्येतीत कुणालाच तो पटला नाही.

राहिलं अल्ट्रासॉनिकने काढणं. माझ्याकडे पिझो मशीन आहे, टिपा आहेत, डोळ्याला लूप्स (चष्म्यावरची भिंगं) आहेत. मायक्रोस्कोप नाही. हाच दुसरा मोठा निर्णय होता, स्वतः करायचं की जिल्ह्याच्या ठिकाणी मायक्रोस्कोपवाल्या एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालचे तज्ज्ञ) पाठवायचं. मन खूप ओढत होतं स्वतः करण्याकडे, कारण तुकडा माझ्या हातून राहिलेला, आणि काकांना सत्तर किलोमीटर पाठवायचं म्हणजे एक दिवस मोडणार. पण ज्या खोलीवर तुकड्याचं डोकं होतं तिथे लूप्समधून मला फक्त काळा ठिपका दिसत होता. न दिसणाऱ्या गोष्टीभोवती थरथरणारी टीप फिरवायची म्हणजे आंधळेपणाने मूळ कोरायचं. पुढच्या मुळाची आतली भिंत, जी दोन मुळांच्या बेचक्याकडे असते, ती मुळातच पातळ, तिला आमच्याकडे डेंजर झोनच म्हणतात. तिथे भोक पडलं की दाढ गेली.

पाठवायचं ठरवलं. मी स्वतः सोबत गेले, फी मी दिली. काकांकडून लिहून घेतलं त्यात साध्या मराठीत तीन गोष्टी होत्या, तुकडा निघेलच असं नाही, काढताना मूळ कमकुवत होऊ शकतं, आणि नाही निघाला तर पुढे काय.

टेबलावर

वायर पायाकडून आणली. ऑक्सिमीटर डाव्या तर्जनीला, आकडा ७२.

एंडोडॉन्टिस्टनी आधी दाढेचा वरचा भाग अजून मोकळा केला म्हणजे तुकड्यापर्यंत सरळ नजर जाईल. मग गेट्स ग्लिडनचं पुढचं टोक कापून सपाट केलेलं ड्रिल घेऊन तुकड्याच्या डोक्याभोवती एक छोटा ओटा तयार केला. मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर मला पहिल्यांदा तो तुकडा नीट दिसला, चांदीसारखा चकचकीत बिंदू, भोवती पिवळट दाताचा गोल. बाकीच्या दोन्ही कॅनालच्या तोंडात त्यांनी कापसाचे बारीक बोळे ठासले, कारण तुकडा उडाला की तो शेजारच्या कॅनालमध्ये जाऊन पडतो, हे मी पुस्तकात वाचलेलं पण हाताने करायला विसरले असते.

मग टीप. सुईसारखी बारीक, मशीनची पॉवर अगदी खाली. ती तुकड्याच्या बाजूला टेकवून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत न्यायची, कारण फाईलचे आटे घड्याळाच्या दिशेने आत रुतलेले असतात, उलट नेलं की सुटायला लागतात. हे सगळं कोरडं, पाणी बंद, नाहीतर काही दिसत नाही. आणि कोरडं म्हटलं की उष्णता आली. हाड ४७ अंशावर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते असं एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन ह्यांनी १९८३ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दाखवलंय, आणि मुळाच्या बाहेर लगेच हाडच असतं. म्हणून दहा सेकंद टीप, मग हवेचा फवारा, मग ईडीटीएचा (दाताचा भुसा विरघळवणारा द्रव) थेंब, पुसायचं, परत दहा सेकंद. असिस्टंट मोठ्याने आकडे मोजत होती. सुरुवातीलाच ठरवलं होतं की टीपचं एकूण काम चाळीस मिनिटं झाली की थांबायचं, निघो न निघो.

बाविसाव्या मिनिटाला डोकं हललं. मला वाटलं झालं. एंडोडॉन्टिस्टनी ईडीटीए भरून टीप परत लावली आणि तुकडा गोल फिरून टुणकन वर आला, आरशाला लागून कापसावर पडला. मोजला तर दीड मिलिमीटर. थरथरीने निकेल-टायटॅनियम मधेच परत तुटला होता. अडीच मिलिमीटर अजून आत, आणि आता पूर्ण बाकाच्या पलीकडे, जिथे मायक्रोस्कोपची नजरही वळत नाही.

कुठे थांबायचं

घड्याळात अठरा मिनिटं शिल्लक होती. अजून खोल जायचं तर बाकाच्या आतल्या बाजूचं दात कोरायला लागणार, म्हणजे तोच डेंजर झोन. काका भूल असूनही थकलेले, ऑक्सिमीटर ७० ते ७४ मध्ये स्थिर. मी म्हटलं थोडं अजून बघूया. एंडोडॉन्टिस्टनी टीप काढून ठेवली.

मग त्यांनी जे केलं ते मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सकाळी काढलेला छोट्या भागाचा सीबीसीटी (थ्रीडी एक्स-रे स्कॅन) स्क्रीनवर लावून टोकाकडून एकेक काप वर आणत गेले. पुढच्या मुळाचे दोन्ही कॅनाल १८ च्या पातळीवर एकमेकांना मिळत होते आणि तिथून खाली एकच वाट. जिभेकडचा कॅनाल तिथे जवळजवळ काटकोनात वळून गालाकडच्या कॅनालला लागतो. माझी फाईल त्या वळणावर गेली आणि तुटली. पहिल्या दिवशी फाईल १८ वर अडत होती ती कचऱ्याने नाही, दुसऱ्या फाईलवर आपटत होती.

म्हणजे शेवटचे दोन मिलिमीटर, जिथे डाग आहे तो भाग, गालाकडच्या कॅनालमधून पूर्ण धुता येत होता. तुकडा अडलेला होता जोडाच्या वर.

उरलेली अठरा मिनिटं त्या कामाला दिली. ३ टक्के हायपो गालाकडच्या कॅनालमध्ये भरून आत गुळगुळीत, न कापणारी अल्ट्रासॉनिक फाईल सोडली, टोकाच्या दोन मिलिमीटर अलीकडे, भिंतीला न लावता. वीस सेकंद चालवायची, हायपो बदलायचा, असं तीनदा. हे अल्ट्रासाऊंडचं दुसरं रूप आहे, टीप दाताला शिवत नाही, द्रवाला घुसळते, फाईलभोवती भोवरे तयार होतात आणि सुई जिथे पोचत नाही तिथल्या फटींमधली घाण सुटून येते. पहिल्या वेळी बाहेर आलेला हायपो गढूळ, दुसऱ्या वेळी जिभेकडच्या कॅनालच्या तोंडातून बारीक बुडबुडे वर आले, म्हणजे द्रव जोडातून तुकड्याच्या बाजूने वर येत होता. तिसऱ्या वेळी स्वच्छ. तो बुडबुडा मला तुकडा निघाल्यापेक्षा जास्त समाधान देऊन गेला.

पुढे काय झालं

दोन आठवडे औषध भरून ठेवलं, टकटक केल्यावर दुखणं गेलं, मग माझ्याकडे कॅनाल भरले आणि महिन्याभरात कॅप बसवली. सहा महिन्यांनी डाग निम्म्याहून लहान. वर्षाने एक्स-रेवर त्या जागी हाडाची जाळी दिसायला लागलीय, अगदी कडेला बारीक काळी किनार आहे. अशी किनार राहिली तर चार वर्षांपर्यंत बघत राहायचं असतं, तसं काकांना सांगितलंय. अडीच मिलिमीटरचा तुकडा आहे तिथेच आहे. काका भाकरी त्याच बाजूने खातात. निघालेला दीड मिलिमीटर मी पारदर्शक टेपखाली त्यांच्या केसपेपरवर चिकटवून ठेवलाय.

आता काय वेगळं करते, आणि एक न मिटलेला वाद

फॉर्म दर सहा महिन्यांनी नव्याने भरून घेते, आणि प्रश्न बदललाय. आजार आहे का असं विचारलं की लोक नाही म्हणतात, म्हणून विचारते की मागच्या वेळेपासून दवाखान्यात झोपलात का, अंगात काही बसवलंय का, खिशात कुठलं कार्ड ठेवायला दिलंय का. शेवटच्या प्रश्नाला दोन महिन्यांत आणखी दोन पेसमेकर सापडले. जुना मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह स्केलर अजून चालू आहे, पण त्याच्या स्विचवर लाल पट्टी आहे आणि असिस्टंट विचारल्याशिवाय ती काढत नाही. वायर छातीवरून कुणाच्याच जात नाही, पेसमेकर असो नसो.

फाईलची नोंद ठेवते. प्रत्येक फाईलच्या मुठीवर रंगाचा ठिपका, प्रत्येक दाढेनंतर एक, तीन ठिपके झाले की फेकायची, बाकदार कॅनालमध्ये गेली असेल तर पहिल्याच वेळी. खर्च वाढलाय, तो मी फीमध्ये धरला आणि पेशंटला कारण सांगितलं.

दोन कॅनाल एका मुळात असले की आता आधी तपासते मिळतात का. एकात फाईल पूर्ण ठेवून दुसरी कुठे अडते ते वहीत लिहायचं, एका मिनिटाचं काम. मिळत असतील तर एकच टोकापर्यंत न्यायचा आणि दुसरा जोडापर्यंतच, त्या वळणावर रोटरी घालायचीच नाही. एवढं केलं असतं तर ही फाईल तुटलीच नसती असं मला वाटतं.

वाद उरलाय तो अल्ट्रासॉनिकचा. माझं म्हणणं असं की सीबीसीटी टीप लावायच्या आधी नीट वाचला असता आणि जोड दिसला असता तर तुकड्याला हात लावायची गरजच नव्हती, ओटा करायला जे दात गेलं ते वाचलं असतं, गालाकडच्या कॅनालमधून धुवून भरलं असतं. एंडोडॉन्टिस्टचं म्हणणं वेगळं, वरचा दीड मिलिमीटर निघाला म्हणूनच हायपोला जिभेकडच्या कॅनालमधून वर यायला जागा झाली, बुडबुडे आले ते त्यामुळे, नाहीतर ती बाजू बंदच राहिली असती. आम्ही दोघांनी ते काप परत काढून दोनदा बघितले. मुळाची आतली भिंत आता सर्वात पातळ जागी किती उरलीय ते मोजलं, ०.८ मिलिमीटर. त्या आकड्याकडे बघून मला माझं बरोबर वाटतं, आणि वर्षानंतरचा एक्स-रे बघितला की त्यांचं.